मैलांची ज्येष्ठतायादी

वॉल्टर कर्न या अमेरिकन लेखकाची ‘अप इन द एअर’ ही कादंबरी २००१ साली प्रसिद्ध झाली आणि २००९ साली जेसन राइटमन या दिग्दर्शकाने तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. चित्रपट पुष्कळांनी पाहिला. कादंबरी त्या मानाने थोड्यांच्या वाचनात आली. या दोन कृतींचा येथे एकत्र विचार करण्याचे एक कारण असे की, त्यांचा विषय आमच्या वाचकांच्या, म्हणजे फिरती आणि बदल्या यांतच ज्यांचे आयुष्य चालले आहे अशा मंडळींच्या, अगदी निकटचा आहे. दुसरे कारण असे की, चित्रपटाने आपल्या नायकाविषयी जो निवाडा दिला आहे तो आम्हांस मान्य नाही.

नायक रायन बिंगहॅम हा सतत विमानाने हिंडणारा गृहस्थ आहे आणि विमानकंपनीच्या खात्यात मैल साठविणे हा त्याचा ध्यास आहे. कादंबरीत त्याचे लक्ष्य दहा लाख मैलांचे आहे. चित्रपटाने ते एक कोटीवर नेले. या मैलांचे तो पुढे काय करणार, असे विचारले तर त्याच्यापाशी उत्तर नाही. आकडा गाठावयाचा, एवढेच.

हा छंद निर्माण कसा झाला ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत १९७८ साली विमानभाडी आणि मार्ग यांवरील सरकारी नियंत्रण कायद्याने उठले. कंपन्यांत चढाओढ लागली आणि आज एकीकडे तर उद्या दुसरीकडे जाणारे गिऱ्हाईक धरून कसे ठेवावे हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात त्यावर तोड काढली. प्रवाशाने जितके मैल उडावे तितके त्याच्या नावे जमा व्हावेत आणि पुरेसे साठले की त्यास फुकट तिकीट मिळावे. रिकामी जाणारी खुर्ची कंपनीस फारशी महाग पडत नाही. प्रवाशास मात्र ती बक्षिसी वाटते. येथवर हा व्यवहार वाण्याने पुडीबरोबर मूठभर शेंगदाणे द्यावेत तसा होता. पुढे त्यात श्रेणी आल्या, आणि श्रेणी आल्या की माणसाचा स्वभाव पालटतो हे सरकारी कचेरीत बसणाऱ्यास सांगावयास नको. याच कंपनीच्या नियमांनुसार दीर्घकाळ वर्षाला २५,००० मैलांस एक पायरी, ५०,००० मैलांस दुसरी आणि १,००,००० मैलांस त्याहून वरची अशी चढण होती. पायरीगणिक रांग निराळी, विमानात चढण्याचा मान आधी, आणि जागा असेल तर वरच्या वर्गात बसण्याची सोय.

यातूनच ‘मायलेज रन’ नावाचा प्रकार जन्मास आला. वर्ष संपत आले आहे, खात्यात २०,५०० मैल आहेत आणि पायरी चुकते आहे, अशा वेळी हा गृहस्थ न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसचे स्वस्तातले स्वस्त तिकीट काढतो. अंतर सुमारे २,४७५ मैल. तेथे उतरून, विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता, तो परतीच्या विमानात बसतो. जाऊन येऊन साधारण ४,९५० मैल झाले, श्रेणी राखली. हुशार मनुष्य सरळ मार्गाऐवजी मुद्दाम वाकडा मार्ग घेतो, कारण मैल अधिक पडतात. लॉस एंजेलिसमध्ये त्याचे काम नसते, आप्त नसतो, आणि समुद्र कोणत्या बाजूस आहे हेही त्याला पाहावयाचे नसते.

आमच्याकडे या वृत्तीचा उपहास करणे सोपे आहे, पण तो जपून करावा. जेथून निघावयाचे तेथेच परत यावयाचे आणि चालणे हेच फळ, ही कल्पना नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांच्या देशात नवी नाही. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते काही देश पाहण्याच्या हौसेने नव्हे. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने निघाले. लोभ तेथेही होता. परंतु गोडसे भटजींना वाटेत झाशी भेटली. मायलेज रन करणाऱ्यास वाटेत काहीही भेटू नये अशीच त्याच्या प्रवासाची आखणी असते, आणि भेद पाहावयाचा तर येथे पाहावा. साम्य मात्र आणखी एका ठिकाणी आहे. स्वर्गातले वास्तव्य पुण्य सरेपर्यंतच असते असे आपल्याकडे मानतात. विमानकंपनीची श्रेणीही वर्षाच्या हिशेबाने सरते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. या फेऱ्यातून सुटका एकच. दहा लाख मैल पुरे करणारास मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी आजन्म श्रेणी देऊ केलेली आहे. कर्नने आपल्या नायकासाठी नेमका हाच आकडा निवडला, यात त्याची सूक्ष्म दृष्टी दिसते. चित्रपटाच्या एक कोटीत नुसताच भव्यपणा आहे. ते लक्ष्य आतापर्यंत सहाच जणांनी गाठले असून चंद्रावर पाय ठेवणारांची संख्याही त्याहून मोठी आहे, असा अभिमान नायकाच्या तोंडी घातला आहे.

आता नायकाच्या धंद्याकडे वळू. बिंगहॅम गावोगाव जाऊन लोकांना नोकरीवरून कमी करतो. ज्या मालकांना आपल्या माणसांच्या तोंडावर ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगण्याचे धैर्य नाही ते त्याला भाड्याने बोलावतात. वीस-वीस वर्षे एका खुर्चीवर बसलेल्या माणसाची खुर्ची पंधरा मिनिटांत काढून घेण्याचे हे काम आहे. चित्रपटातील या प्रसंगांत सेंट लुई आणि डेट्रॉइट येथील, खरोखरच नुकत्याच नोकऱ्या गेलेल्या लोकांना राइटमनने कॅमेऱ्यापुढे बसविले आणि त्यांचे त्यांनाच बोलू दिले. चित्रपटातील सर्वांत सच्चा भाग तो हाच. जॉर्ज क्लूनीचे देखणे हास्य त्यांच्यापुढे फिके पडते, आणि ते तसे पडावे अशीच दिग्दर्शकाची योजना असावी.

या धंद्याचा आणि त्या छंदाचा संबंध काय? आमच्या मते कथेचे सगळे मर्म या प्रश्नात आहे. कोणत्याही मालकाने दिलेले पद, पाटी, टेबल आणि ‘साहेब’ ही हाक किती क्षणभंगुर असते हे बिंगहॅमइतके प्रत्यक्ष कोणी पाहिलेले नाही. असा मनुष्य मालकाच्या हाती नसलेले आणि कोणासही काढून घेता न येणारे एखादे पद शोधू लागला तर त्यात नवल नाही. ते त्याला विमानकंपनीच्या यादीत सापडते. तेथे त्याने केलेले सर्व मोजले जाते, मोजलेले विसरले जात नाही, आणि दहा लाख झाले की ते पद कायम होते. म्हणून त्याच्या मैलांस आम्ही छंद म्हणत नाही. ज्याने इतरांची नावे ज्येष्ठतायादीतून खोडली त्याने स्वतःसाठी काढलेली ती दुसरी ज्येष्ठतायादी आहे.

चित्रपट या मर्माच्या अगदी जवळ जातो आणि मग कच खातो. डॅलसच्या हॉटेलात बिंगहॅमची अॅलेक्स नावाच्या स्त्रीशी गाठ पडते. तीही फिरतीवरची. दोघे आपापली विमानकंपन्यांची, हॉटेलांची, भाड्याच्या मोटारींची कार्डे टेबलावर मांडतात आणि एकमेकांची पारख करतात. आपल्याकडे पत्रिका जुळवितात तसाच हा प्रसंग, गुण मात्र मैलांचे. लेखन आणि अभिनय दोन्ही दृष्टींनी तो उत्कृष्ट साधला आहे. परंतु याच अॅलेक्सच्या द्वारे पुढे नायकाला ‘धडा’ दिला जातो. बहिणीच्या लग्नास जाऊन आल्यावर त्याला घराची ओढ वाटू लागते, तो न कळविता अॅलेक्सच्या दारी जातो आणि तिला नवरा-मुले आहेत हे त्याला कळते. परतीच्या विमानात त्याचे एक कोटी मैल पुरे होतात तेव्हा त्या आकड्याची माती झालेली असते. वर्षातले ३२२ दिवस बाहेर घालविणारा मनुष्य एकाकी असणारच आणि तो एकाकी आहे म्हणूनच मैल साठवितो, असे चित्रपटाचे निदान आहे. संसार हे त्यावरचे औषध, आणि ते त्याला वेळेवर मिळाले नाही, एवढीच त्याची शोकांतिका.

हे निदान आम्हांस खोटे वाटते. संसार असलेले, सुखवस्तू, मित्रपरिवारात रमणारे लोकही डिसेंबरात लॉस एंजेलिसला जाऊन तसेच परत येतात. मानमरातबाची भूक ही प्रेमाच्या भुकेची पडछाया नव्हे, ती स्वतंत्र भूक आहे. सरकारी सेवेत ज्याने एका वेतनश्रेणीसाठी न्यायाधिकरणापर्यंत दावा नेला आहे त्याची पत्नी त्याच्यावर प्रेम करीत नाही असे कोणी म्हणेल काय? राइटमनने नायकाचा प्रेमभंग केला आणि प्रेक्षकांना कीव करण्याची सोय करून दिली. जी गोष्ट आपल्याही ठायी आहे अशी शंका यावयास हवी होती ती एका परक्या, घरदार नसलेल्या माणसाची व्यथा होऊन बसली.

कर्नची कादंबरी इतकी सुबक नाही. तिचे कथानक गुंतागुंतीचे आहे, कुणीतरी आपल्या नावावर कारवाया करीत आहे या नायकाच्या संशयाने उत्तरार्ध भरकटतो, आणि व्यवस्थापनशास्त्रातील परिभाषेची टवाळी काही ठिकाणी कंटाळा येईतो ताणली आहे. तथापि तिने नायकास कोणताही धडा दिलेला नाही. तो स्वतःच निवेदक आहे आणि वाचकाशी शेजारच्या खुर्चीवरील प्रवाशाशी बोलावे तसा बोलतो. विमाने, विमानतळ आणि त्यांभोवतीची हॉटेले मिळून होणाऱ्या प्रदेशास त्याने ‘एअरवर्ल्ड’ असे नाव दिले आहे आणि तो त्याला परमुलुख वाटत नाही; तेथील रीतिरिवाज तो एखाद्या गावकऱ्याच्या आपुलकीने सांगतो. शिवाय तेथे एक अशी योजना आहे की जी आमच्या वाचकांस तत्काळ कळेल. बिंगहॅमने राजीनाम्याचे पत्र वरिष्ठाच्या टेबलावर ठेवले आहे. वरिष्ठ रजेवर आहेत. ते परत येऊन पत्र उघडतील तेव्हा कंपनीचे प्रवासकार्ड बंद होईल. तोपर्यंत उरलेले मैल पुरे करावयाचे. कार्यमुक्तीचा हुकूम हाती पडण्याआधी शेवटचा दौरा काढून घेणारा अधिकारी आणि हा नायक यांत अंतर ते किती!

येथे एक प्रश्न निघतो, तो कादंबरीने नुसता सूचित केला आहे. पैसा कंपनीचा, मग मैल कोणाचे? निरनिराळ्या सरकारांनी त्याची उत्तरे निरनिराळी दिली. जर्मनीत २००२ साली सरकारी प्रवासातील मैल खाजगी प्रवासास वापरल्यावरून ग्रेगोर गिझी यांनी बर्लिनच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अमेरिकेने २००१ च्या अखेरीस कायदा करून आपल्या नोकरांना असे मैल स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली. आपल्या अर्थखात्याने सरकारी तिकिटावर मिळालेले मैल खात्याच्याच पुढील प्रवासासाठी वापरावेत असे ठरविले आणि खाजगी वापर केल्यास विभागीय कारवाईची तंबी दिली. बिंगहॅम आपल्या सचिवालयात असता तर कादंबरी तिसऱ्या प्रकरणात संपली असती.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर गेल्या काही वर्षांत जे घडले त्याने तिच्यावर एक अनपेक्षित भाष्य केले आहे. डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी २०१५ पासून, अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ पासून, बक्षिसाचे मैल अंतरावर न देता भाड्याच्या रकमेवर देण्यास आरंभ केला. पुढे श्रेणीचेही तेच झाले. २०२४ पासून डेल्टाची श्रेणी केवळ खर्चलेल्या डॉलरांवर मिळते. स्वस्त तिकीट आणि लांब मार्ग यांची सांगड घालणाऱ्या मायलेज रनची कला त्यामुळे बहुतांशी अस्तास गेली आहे. आणि हे मैल कंपन्यांना किती मोलाचे असतात तेही उघड झाले. २०२० साली साथीमुळे विमाने जमिनीवर बसली तेव्हा डेल्टाने हाच उपक्रम तारण ठेवून ९ अब्ज डॉलर उभे केले. जी यादी आपण चढतो आहोत असे प्रवाशास वाटत होते ती सावकाराकडे गहाण पडण्याजोगी मालमत्ता होती, आणि तिचे नियम बदलण्याचा अधिकार मालकाने सुरुवातीपासून स्वतःकडे ठेवला होता. मालकाच्या लहरीबाहेरचे पद शोधावयास निघालेला बिंगहॅम अखेर दुसऱ्या मालकाच्याच दारी उभा होता. कादंबरीतील ‘ग्रेट वेस्ट’ या कल्पित विमानकंपनीच्या तरुण अध्यक्षाविषयी नायकास वाटणारा विलक्षण मत्सर आणि संशय २००१ साली अतिशयोक्त वाटला असेल. आज तो कादंबरीतील सर्वांत समंजस भाग वाटतो.

चित्रपटाविषयी इतके कठोर लिहिल्यानंतर त्यातील एका प्रसंगाचे ऋण मान्य केले पाहिजे. एक कोटी मैल पुरे होताच मुख्य वैमानिक येऊन बिंगहॅमच्या शेजारी बसतो. या क्षणी काय बोलावयाचे हे नायकाने अनेकदा मनाशी घोळविलेले असते. आता त्याला काहीच सुचत नाही. वैमानिक सहज विचारतो, आपण कुठले? नायक उत्तर देतो, इथलाच. राइटमनने हा प्रसंग लांबविला नाही, त्याखाली संगीताचा ओघ सोडला नाही, हे फार चांगले केले. दिल्लीत किंवा कलकत्त्यात दोन मराठी माणसांची प्रथम गाठ पडली की पहिला प्रश्न हाच असतो, आणि उत्तरात जे गाव येते तेथे बहुधा आपले घर आता उरलेले नसते.