उभ्या चौकटीत न मावणारं गाणं

मुंबईतल्या हिंदमाताच्या नाक्याभोवती तीन जुनी गाणी नांदतात. उत्तरेला दादर, म्हणजे भावगीतांच्या आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांचा मुलूख. पूर्वेला नायगाव, जिथल्या चाळींनी भीमगीतं आणि जलसे जपले. दक्षिणेला परळ-लालबाग: शाहिरी, लावणी, कोकणातून चाकरमान्यांबरोबर आलेलं भजन आणि आता बेंजो. एकाच पावसाच्या पाण्यात अडकणाऱ्या या वस्त्यांच्या आवडी एकमेकींपासून बऱ्याच दूर होत्या, अजूनही आहेत. या सगळ्या गाण्यांचे कार्यक्रम आजही होतात आणि त्यांचे आज निघतात इतके फोटो पूर्वी कधीच निघाले नव्हते. तरीही मंचावरच्या गाण्याचं छायाचित्रण ही कला आपल्याकडे कुठवर आली, याचं माझं उत्तर समाधानाचं नाही. हत्यारं सुधारली आणि नजर आखडली.

शास्त्रीय संगीताची गोष्ट वेगळी आहे. पुण्यात सतीश पाकणीकरांनी १९८० च्या दशकापासून सवाई गंधर्व महोत्सवातले गायक-वादक टिपले, त्यांची कॅलेंडरं घराघरांत लागली. दिल्लीत अविनाश पसरिचा आणि रघु राय यांनी हेच काम आपापल्या पद्धतीने केलं. या सगळ्यांच्या चित्रांत एक गुण समान आहे: काढणारा ऐकत होता, हे दिसतं. सम कधी येणार, आलापात डोळे कधी मिटणार, तानपुऱ्यावरची शिष्या गुरूकडे कधी पाहणार, याचा अंदाज असल्याशिवाय ते क्षण हाती लागत नाहीत. लोकप्रिय गाण्याच्या वाट्याला असे ऐकणारे फोटोग्राफर फार थोडे आले. चेहऱ्यांचे मोठे छायाचित्रकार आपल्याकडे झाले, गौतम राजाध्यक्षांसारखे. रंगभूमीला मोहन वाघ मिळाले. पण गाणं चालू असतानाचा मंच या दोहोंच्या मध्ये राहून गेला. भावगीत गायकाचा फोटो म्हणजे निवांत बसवून काढलेला चेहरा, आणि कार्यक्रमाचा फोटो म्हणजे सत्काराची शाल, असा जणू संकेतच झाला.

परळ-लालबागच्या गिरणगावाची उपेक्षा याहून मोठी. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० च्या दशकात या भागातली मैदानं गाजवली. लालबागला मधुकर नेराळे यांच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत आणि पाळी संपवून आलेला कामगार समोर बसे. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो पगारदार प्रेक्षक ओसरला, पुढे थिएटरही बंद झालं. या गाण्यांच्या आठवणी, पोवाडे, ध्वनिमुद्रणं शोधणाऱ्याला बरीच सापडतात. गाणं चालू असतानाचं छायाचित्र मात्र क्वचित. कोरसमध्ये कोण उभं होतं, ढोलकी कोणाच्या मांडीवर होती, पहिल्या रांगेतला गिरणीकामगार कसा दाद देत होता, हे डोळ्यांनी पाहायला मिळत नाही.

म्हणूनच संदेश भंडारे यांच्या ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकाला मी या क्षेत्रातलं आपल्याकडचं सर्वांत महत्त्वाचं काम मानतो. २००६ साली ते लोकवाङ्मय गृहाने काढलं, म्हणजे या नाक्यापासून फार दूर नसलेल्या प्रभादेवीतून. त्यात मंचाइतकंच मंचामागचं जग आहे: तंबू, रंगभूषा, प्रवास, वाट पाहणं. लावणीचे फोटो एरवीही निघतात. त्यांत गिरकी, नऊवारी आणि नजर एवढंच असतं. नाचणारी बाई कलाकार असण्याऐवजी शोभेची वस्तू होते. भंडाऱ्यांच्या चित्रांत तीच बाई दमलेली असते, हसते, फडाचा भाग असते. फडात राहिल्याशिवाय असं दिसत नाही. या पुस्तकाला इतकी वर्षं झाली, पण भजन, जलसा किंवा ऑर्केस्ट्रा यांवर तसं काम माझ्या पाहण्यात नाही.

नायगावात जन्मलेल्या विठ्ठल उमपांनी जलसा, गोंधळ, कव्वाली, लोकनाट्य असं सगळं गायलं आणि नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला मंचावरच त्यांचा देह पडला. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने पंढरीचा विठ्ठल आणि भीमराव दोघेही घराघरांत पोचवले. अशा कितीतरी गायकांचा चेहरा श्रोत्यांना ठाऊक झाला तो कॅसेटच्या वेष्टनावरच्या तिकिटाएवढ्या फोटोवरून. भीमगीतांच्या गायकांकडे कॅमेऱ्याने थांबून पाहिलं ते आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात. त्यातला बराच अनुभव गायक कुठे राहतात, कोणासमोर गातात, हे दिसण्यात आहे. स्थिर छायाचित्राने तो धागा उचलायला हवा होता.

आता बेंजोकडे येतो, कारण आजच्या परळ-लालबागचं खरं लोकप्रिय जिवंत संगीत ते आहे. गणेश चतुर्थीच्या आधीच्या शनिवार-रविवारी परळ वर्कशॉपमधून मोठ्या मूर्ती निघतात. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मूर्तीपुढे बेंजो पथक असतं: तारांवर बटणं दाबून वाजवायचा बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशे, ढोल, कधी ट्रम्पेट. कोळीगीतं, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, पंचम (राहुल देव बर्मन), बप्पी लाहिरी, मधेच एखादी आरती. ही पथकं ज्या सफाईने एका चालीतून दुसरीत जातात, ती ऐकण्यासारखी असते. साठ-सत्तरच्या दशकांतली गाणी विशीतल्या पोरांच्या तोंडी जिवंत आहेत त्यात या पथकांचा मोठा वाटा आहे. याच रस्त्यावर शेकडो कॅमेरे असतात. शिडीवर, दुभाजकावर, पुलाच्या कठड्याशी. आणि सगळे एकाच दिशेला रोखलेले: मूर्तीच्या मुखाकडे. बाप्पाचं पहिलं दर्शन टिपायची ओढ मला समजते, त्या भक्तीबद्दल आदरच आहे. पण घामाने निथळत, डोळे मिटून, बोटांखालची बटणं चाचपत वाजवणारा बेंजोवादक त्या कॅमेऱ्यांपासून चार हातांवर असतो आणि त्याचा फोटो निघत नाही. पुढे कोणी या संगीताचा इतिहास लिहायला बसेल तेव्हा मूर्तींची हजारो चित्रं मिळतील आणि वादकांची मूठभर.

नाट्यगृहात अडचण निराळी आहे. हॅलोजनच्या पिवळट उजेडात पूर्वी त्वचेचा रंग तरी शाबूत राहायचा. आता एलईडी दिव्यांचा गडद निळा-जांभळा झोत गायिकेच्या तोंडावर पडतो, सेन्सरला चेहऱ्यातला तपशील मिळतच नाही आणि नाकडोळे एका रंगाच्या डागात विरघळतात. मागे लखलखता एलईडी पडदा. त्याच्या हिशेबाने उजेड मोजला तर माणसं काळी, माणसांच्या हिशेबाने मोजला तर पडदा पांढरा. नवे मिररलेस कॅमेरे आवाज न करता फोटो काढतात, हे श्रोत्यांवर उपकारच. पण ज्या इलेक्ट्रॉनिक शटरमुळे आवाज होत नाही, त्याच्यामुळेच एलईडीच्या प्रकाशात चित्रावर आडवे पट्टे उमटतात. जाणकार फोटोग्राफर यावर मार्ग काढतात. आयोजकांनी प्रकाशयोजना करणाऱ्याला एवढंच सांगितलं की दोन गाणी साध्या पांढऱ्या उजेडात होऊ देत, तर अर्धा प्रश्न सुटेल.

सगळ्यांत मोठं नुकसान मात्र चौकटीच्या आकाराने केलं आहे. रील उभी असते, मोबाइल उभा असतो, म्हणून फोटोही उभा हवा. आपला वाद्यमेळ आडवा बसतो: डावीकडे तबला-ढोलकी, मध्ये गायक, उजवीकडे हार्मोनियम, मागे कीबोर्ड आणि तालवाद्यं. उभ्या चौकटीत त्यातलं एकच माणूस मावतं. बाकीचे छाटले जातात, आणि पाहणाऱ्याला वाटतं गाणं त्या एकट्याच माणसाचं होतं.

इथे आवडीनिवडींचा प्रश्न येतो. आपल्यात जुन्या गाण्यांवरून वाद झडतात. कोणाला अनिल विश्वास, सी. रामचंद्र, मदनमोहन यांच्यापुढे काही नको असतं. कोणाचं गाणं पंचमपासून सुरू होतं. कोणी शाहीर साबळ्यांवर वाढलेला, कोणी अरुण दातेंवर. माझा ओढा पन्नासच्या दशकाकडे आहे, आणि तो लपवावासा वाटत नाही. पण एक गोष्ट पंचमच्या चाहत्यांकडून शिकावी. त्यांनी गाण्यातला वादक ऐकला. पुण्याच्या ‘पंचममॅजिक’ कार्यक्रमांनी राहुल देव बर्मन यांच्या मूळ वादकांना मंचावर आणून त्यांची नावं घेतली, त्यांना बोलतं केलं. जो श्रोता तालवाद्याचा ठेका ओळखतो तो फोटोही त्या हातांचा मागतो. आम्ही पन्नासच्या दशकावर प्रेम करणारे गायकाच्या गळ्यात इतके गुंतलो की व्हायोलिनच्या रांगेकडे पाहायचं राहून गेलं. एकाच कार्यक्रमाला चार आवडींची चार माणसं कॅमेरे घेऊन गेली तर चार वेगळे कार्यक्रम दिसतील, आणि ते चारही खरे असतील.

जगात हे आधी घडलं आहे. बर्लिनहून १९३९ साली न्यूयॉर्कला आलेल्या फ्रान्सिस वुल्फ यांनी ब्लू नोट कंपनीच्या जॅझ ध्वनिमुद्रणांच्या वेळी साथीच्या वादकांनाही मुख्य कलाकाराइतक्याच आस्थेने टिपलं. त्यांतल्या ड्रमवादकांचे चेहरे जगाला आज त्यामुळे ठाऊक आहेत. मुंबईच्या जॅझचंही असंच झालं. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात चिक चॉकलेट आणि त्यांच्या पिढीचे गोव्याचे वादक डोळ्यांपुढे उभे राहतात, कारण जुने फोटो जपले गेले होते आणि ते मागायला कोणी दाराशी आलं. गिरणगावातल्या घरांत असे फोटो नसतीलच असं नाही. तळमजल्यावरच्या कपाटांत, पत्र्याच्या पेटीत, पुनर्विकासात खोली रिकामी करताना बांधलेल्या गाठोड्यात ते असतात. हिंदमाताचं पाणी आणि बुरशी त्यांना फार वेळ देत नाही.

घाई आहे, कारण जागाही जात आहेत. परळचं १९२२ चं दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं. कामगारांची नाटकं, नमन, शक्ती-तुरा यांना त्या नाट्यगृहाने आसरा दिला होता. याच वस्त्यांत डबलबारीची भजनं रंगतात: दोन बुवा समोरासमोर, अभंगाला नाट्यगीताची चाल, गजराला जुन्या चित्रपटगीताची, आणि समोरचा बुवा त्याला उत्तर देतो. जुन्या गाण्यांच्या आवडींची इतकी मोकळी देवाणघेवाण मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. पखवाजाची थाप, झांजेवरचे हात, हरणाऱ्या बुवाच्या चेहऱ्यावरची दाद, हे सगळं टिपायला तिथे जाणकार फोटोग्राफर हवा.

मंडळांना आणि आयोजकांना माझी विनंती आहे. निमंत्रितांच्या सत्काराचे फोटो काढायला जो माणूस बोलावता, त्यालाच विंगेत आणि वादकांच्या मागे उभं राहू द्या. एक तरी आडवा फोटो काढायला सांगा, ज्यात मंचावरचे सगळे असतील. त्याखाली तारीख, जागा आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचं नाव लिहा, ढोलकीवाल्याचं आणि कोरसमधल्या मुलीचंसुद्धा. घरात जुने फोटो असतील तर ते फेकण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दाखवा आणि सांगितलेली नावं पेन्सिलीने मागे उतरवून ठेवा.