चाल उसनी, शब्द स्वतःचा

वामनदादा कर्डकांच्या गाण्यांना चाली सिनेमाच्या, मग त्यांचे स्वतःचे ते काय, असा एक आक्षेप आहे. प्रस्थापित समीक्षेने तो बोलून दाखवण्याचीही तसदी घेतली नाही. दादांची दखल न घेणे पुरले. आपल्यातले शिकलेले मात्र तो हळू आवाजात घेतात, याचे मला अधिक वाईट वाटते.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या, मुंबईत मोलमजुरी करीत मोठेपणी अक्षरे गिरवलेल्या या माणसाचे १९४३ मधले पहिले गाणेच हिंदी सिनेगीताचे विडंबन होते. म्हणजे उसनवारी ही त्यांची सुरुवातच. ‘वाटचाल’ (१९७३) आणि ‘मोहळ’ (१९७६) हे संग्रह पुष्कळ नंतरचे. तोवर गाणी गावोगाव पोचली होती.

जमैकातल्या काळ्या गायकांचा दाखला इथे उपयोगी पडतो. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत मोठमोठे कर्णे लावून रेकॉर्डी वाजत. त्यातले गाणे काढून उरलेल्या नुसत्या वाद्यमेळावर यू-रॉयने १९७० च्या सुमारास आपले बोल म्हटले आणि ते घरोघरी गेले. १९८५ मध्ये ‘स्लेंग टेंग’ या एकाच ठेक्यावर कितीतरी गायकांनी आपापली गाणी बांधली. रेगे आणि डान्सहॉलच्या त्या जगात याला कोणी चोरी म्हटले नाही. ठेका हा सार्वजनिक पाणवठा. ज्याने त्याने आपली घागर आणावी. आपल्याकडे पाणवठाच दुसऱ्याचा होता, एवढा फरक. दादांनी तिथे हक्काने घागर बुडवली.

सगळीच भरली असे नाही. नुसत्या गौरवाच्या गाण्यांत विशेषणांची रास पडते आणि कव्वालीचा जोर शब्दाला रेटून नेतो. पण उद्योगपतींना नावानिशी उभे करून श्रमिकांच्या हिश्श्याचा जाब विचारणारे गाणे घ्या. तिथे ठेका बोलणाऱ्याच्या मुठीत आहे.

मी हे कपिलधारला बसून लिहितो आहे. मन्मथ स्वामींच्या समाधीचे हे ठिकाण. कार्तिकी पौर्णिमेला दिंड्या येतात, अभंग होतात आणि चाल कोणाची हे कोणी विचारत नाही. दादाही संतांप्रमाणे शेवटच्या कडव्यात ‘वामन’ घालीत. आमच्या घरात पुस्तक नव्हते. माझ्या आईला कवी कळायचा तो त्या कडव्यातून. मालकीचा कागद म्हणा हवा तर.

दादा २००४ साली गेले. आता जयंतीच्या मिरवणुकीत डीजे असतो. जमैकात डीजे म्हणजे ठेक्यावर बोलणारा माणूस. आपल्या डीजेत बोलणारा माणूसच नाही. धृपद चार-चारदा वाजते, छाती हादरते, पोरे नाचतात. नाचण्याला माझी हरकत नाही. पण शेवटच्या कडव्यापर्यंत गाणे पोचतच नाही, आणि गाणे कोणाचे म्हणून विचारले तर वर्गातली मुले गायकाचे नाव सांगतात.