‘स्मृतिचित्रे’तील क्षमा

क्षमा या विषयावर आपल्या मराठी ख्रिस्ती नियतकालिकांतून ज्या कथा येतात, त्यांचा एक साचा ठरून गेला आहे. अपराधी माणूस शेवटच्या परिच्छेदात गुडघे टेकतो, ज्याच्यावर अन्याय झाला तो डोळे पुसतो, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साची घंटा वाजते आणि मागचे सारे पुसले जाते. अपराध नेमका काय होता, हे वाचकाला बहुधा कळतच नाही. तो सांगितला तर क्षमेला उणेपणा येईल, अशी लेखकाची समजूत दिसते. या साच्याने कथेचे नुकसान केलेच. पण त्याहून अधिक नुकसान आपल्या घरांचे केले, असे आमचे मत आहे. सोसणाऱ्या स्त्रीला ‘झाले गेले विसर, बाई’ असे आपण प्रभूच्या नावाने सांगत आलो आणि तिच्या गप्प बसण्यालाच क्षमा म्हणू लागलो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावीत. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची ओळख मराठी वाचकाला करून देण्याचे कारण नाही. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, शांता गोखले यांनी २०१७ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. लक्ष्मीबाईंच्या निर्मळ विनोदाची वाखाणणी सर्वांनीच केली आहे. परंतु तो विनोद कोणत्या मातीत रुजला, याचा विचार त्या मानाने थोडा झाला. टिळक दांपत्य आपल्या पंथाचे नव्हते, म्हणून आपणही तो केला नाही. रेव्हरंड टिळकांची भजने मात्र आपल्या मंदिरांतून आपण मनापासून गातो.

या पुस्तकात तक्रारीला जागा किती आहे, ते पाहा. वडिलांच्या सोवळ्यापायी माहेरचे सगळे घर जेरीस आलेले. लहान वयात लग्न, पुढे सासऱ्यांचा जाच. पती मोठा कवी, पण कमालीचा तापट; न सांगता घर सोडून जावे, हाती पैसा आला की तो कुणा गरजवंताला देऊन टाकावा आणि घरात चूल कशी पेटणार, याचा विचार पत्नीने करावा. यातले काहीही लक्ष्मीबाईंनी झाकलेले नाही. टिळकांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, त्यांच्याविषयी समाजात पूज्यभाव असताना, हे सारे त्यांच्या पत्नीने लिहिले. आपल्याकडील एखाद्या धर्मगुरूच्या किंवा पुढाऱ्याच्या चरित्रात असे मोकळेपण आम्हांला अजून आढळलेले नाही.

सर्वांत मोठा घाव १० फेब्रुवारी १८९५ चा. त्या दिवशी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदू समाजात, लहानग्या दत्तूला घेऊन मागे राहिल्या; पुढची काही वर्षे पतिपत्नी वेगळी होती आणि त्यांतला बराच काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. येथे त्यांनी आपली क्षमा उतावीळपणे मांडलेली नाही. दुःख, अपमान, संताप हे सारे पुरेसा वेळ घेते. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या, त्या ब्राह्मणीच राहून. त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक टिळकांनी वेगळा चालू दिला, धर्मांतराची सक्ती केली नाही. ज्याने विचारल्याविना एवढा मोठा निर्णय घेतला, तोच पत्नीच्या निर्णयासाठी थांबून राहिला. कृपा दोन्ही बाजूंनी वाहत होती, हे लक्ष्मीबाई प्रांजळपणे दाखवतात. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने, जातिभेद माणसाचा की देवाचा, हा प्रश्न स्वतःशी सोडवून.

आपल्या प्रायश्चित्त संस्कारात पापाचा उच्चार आधी होतो, मुक्ती मागाहून मिळते. नाव न घेतलेल्या पापाला क्षमेचे शब्द लागत नाहीत. पुनरुत्थित प्रभूने तोमाला दाखवलेले हातही व्रणांसकट होते. आठवण आणि क्षमा यांचे वैर नाही, हे आपली श्रद्धाच सांगते. आपली कथा मात्र ते विसरते. लक्ष्मीबाईंनी पुस्तकाला नाव दिले तेच मुळी स्मृतीचे. सारे काही आठवून, नावानिशी सांगून, त्यांनी ते सोडून दिले आहे. हा सोडून देण्याचा मार्ग म्हणजे त्यांचा विनोद. त्या टिळकांना हसतात तसे स्वतःलाही हसतात. स्वतःचा हट्ट, वेंधळेपणा, नवऱ्यावर केलेली कुरघोडी, सगळे त्याच हसण्यात येते. न्यायाधीशाच्या आसनावर बसलेल्या माणसाला असे हसता येत नाही.

या विनोदाविषयी एक शंका मात्र आम्ही नोंदवू इच्छितो. काही ठिकाणी तो इतका चटकन येतो की वेदनेपाशी थांबायला वाचकाला उसंत मिळत नाही. टिळकांचा विक्षिप्तपणा मौजेचा वाटू लागतो, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे ध्यानातून निसटते. आजची एखादी वाचक बाई येथे रागावली, तर तिला आम्ही दोष देणार नाही. टिळकांच्या पश्चातचा, कराचीकडचा भागही पहिल्या भागांच्या तुलनेने विरळ वाटतो. भांडायला आणि माफ करायला समोरचा माणूसच उरला नव्हता, हे त्याचे एक कारण असावे.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. पतीने लिहायला शिकवलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले; त्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. म्हणजे, वधस्तंभावरून शत्रूंसाठी क्षमा मागणारा प्रभू जेथे येतो, तेथे लेखणी टिळकांच्या नव्हे, लक्ष्मीबाईंच्या हाती होती. तेही काम त्यांच्या आयुष्यात पुरे झाले नाही. राहिलेला शेवट देवदत्तांनी केला.