जन्माचा दोष कीं व्यवहाराचा?

वंशद्वेष म्हटला कीं आमच्या सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें दक्षिण आफ्रिका किंवा हिटलरची जर्मनी उभी राहते. रोग परदेशचा, औषधही परदेशचें, अशी आपली सुखाची समजूत असते. संयुक्त राष्ट्रांनीं २१ डिसेंबर १९६५ रोजीं संमत केलेला वंशभेदनिर्मूलनाचा करार जो वाचील, त्याची ही समजूत पहिल्याच कलमापाशीं ढासळेल. भेदभावाची व्याख्या करतांना तेथें वंश व वर्ण यांच्या जोडीला ‘जन्मपरंपरा’ या अर्थाचा शब्द घातलेला आहे. आणि तो भारताच्याच प्रतिनिधींच्या सूचनेनें आंत आला. १९६८ सालीं आपण हा करार मान्य केला. पुढें २००१ सालीं डर्बनच्या परिषदेंत मात्र, जात म्हणजे वंश नव्हे, सबब तिची चर्चा येथें नको, अशी भूमिका आपल्या सरकारनें घेतली. करारावर देखरेख करणाऱ्या समितीनें २००२ सालीं, जन्मपरंपरेंत जातीसारख्या व्यवस्थाही येतात, असा खुलासा केला. वाद शब्दाचा खरा. पण शब्दाची कक्षा ठरली म्हणजे कोणाची फिर्याद ऐकावयाची हेंही ठरतें.

ह्या करारांतील सातवें कलम आम्हां साहित्याच्या अभ्यासकांस विशेष विचार करावयास लावणारें आहे. पूर्वग्रह नाहींसे करण्यासाठीं शिक्षण, संस्कृति व माहितीप्रसार ह्या क्षेत्रांत उपाय योजावे, असें तें सांगतें. मराठी वाङ्मयानें ह्या कामीं काय केलें, असें कोणीं विचारल्यास ज्या ग्रंथांकडे अभिमानानें बोट दाखवितां येईल, त्यांत गोदावरी परुळेकर यांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) अग्रभागीं येईल. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. उंबरगांव-डहाणू भागांतील वारल्यांच्या उठावाची ही हकीकत. तो मुलूख आज ठाणें जिल्ह्यांत उरलेला नाहीं. परंतु हकीकतीचा आरंभ शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांच्या उंबरठ्यावरील टिटवाळ्यास, १९४५ च्या जानेवारींत भरलेल्या किसान परिषदेंत आहे.

पुस्तकाचें मोल कळावयाचें तर त्याच्या शेजारीं १८८२ सालचें ठाणें जिल्ह्याचें सरकारी गॅझेटिअर ठेवावें. तेथें जमातींचे रंग, बांधे आणि स्वभाव नोंदलेले आहेत. दारिद्र्य आणि व्यसन हीं जणू कातडीच्या रंगाप्रमाणेंच उपजत असावींत, असा वाचणाऱ्याचा ग्रह होतो. परुळेकरबाई हाच क्रम उलटा करतात. वारल्याची भीति, त्याचा दबलेपणा दिसला कीं त्या त्याच्या जातीकडे न पाहतां सावकाराच्या वहीकडे पाहतात. लग्नासाठीं काढलेल्या थोड्याशा कर्जापायीं नवराबायको दोघेंही जमीनदाराच्या घरीं राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. सायमिंग्टन ह्या अधिकाऱ्यानें उठावापूर्वीं सरकारास सादर केलेल्या अहवालांतही ही पद्धति नमूद आहे. अहवालानें ती नोंदली. मोडली मात्र वारल्यांनीं स्वतः, १९४५ सालीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तलवाड्यास त्यांनीं पोलिसांच्या गोळ्याही झेलल्या. हें सारें बाईंनीं गहिंवर न आणतां सांगितलें आहे, आणि म्हणूनच तें मनांत रुततें. दया करणारा लेखक वाचकाला उंचावर बसवितो. ह्या लेखिका त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करतात.

तथापि ग्रंथाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. जागें होण्याची जी कल्पना त्यांत आहे, ती एका जागीं राहणाऱ्या, सभेला जमूं शकणाऱ्या कष्टकऱ्याची आहे. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवरील कातकरी तींत नीट बसत नाहीं. काताच्या ज्या धंद्यावरून त्याला नांव मिळालें, तो धंदा जंगलाबरोबर त्याच्या हातून गेला. पुष्कळांच्या झोपडीखालची जमीनही त्यांच्या नांवावर नाहीं. पावसाळा सरला कीं बयाणा घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्टीवर जातात, आणि हिशेब मालकाच्या वहींत राहतो. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालीं झाला. लग्नगडी हा शब्द गेला. बयाणा हा शब्द राहिला. जो वर्षांतून सहा-सात महिने स्वतःच्या वाडीवरच नसतो, त्यानें कोणत्या सभेला यावें आणि कोणत्या कचेरींत दाद मागावी? त्याची मुलें शाळेंतून गळतात, आणि मग ‘त्यांना शिक्षणाची आवडच नाहीं’ असें आपण सहज म्हणून जातों. हें वाक्य कठोर नाहीं; तें बोलणारी माणसेंही दुष्ट नसतात. पण १८८२ च्या गॅझेटिअरचीच ती भाषा आहे: व्यवहाराचा दोष जन्माच्या माथीं मारणारी.

ठाणें-कल्याणच्या ज्या घरांत बसून आपण हें पुस्तक वाचतों, त्यांतील कित्येकांच्या भिंतींच्या विटा अशाच हातांनीं पाडलेल्या आहेत. म्हणून डर्बनला कोणती बाजू बरोबर होती, एवढ्यावर आपलें समाधान होऊं नये. जिनिव्हांत बसणाऱ्या समितीस शब्दाची कक्षा ठरवितां येते. मालकाची वही उघडून तींतील पान वाचून दाखविणें हें तिच्या हातचें नव्हे. तें काम वाङ्मयाचें आहे. परुळेकरबाईंनीं वारल्यांपुरतें तें निर्भयपणें केलें. कातकऱ्याच्या बयाण्याचा हिशेब तितक्याच निश्चयानें मांडला जाणें, आणि तो त्याच्याच वाडींतल्या कोणीं मांडणें, ही त्या ग्रंथाची खरी पुढची आवृत्ति होय.