मॅलरीची आर्थरकथा : एक ग्रंथ कीं आठ?

टॉमस मॅलरीनें १४७० च्या सुमारास पुरी केलेली आर्थर राजाची वीरकथा कॅक्स्टननें १४८५ सालीं छापली, आणि साडेचार शतकें तोच पाठ प्रमाण मानला गेला. १९३४ सालीं विंचेस्टर येथील विद्यालयांत तिची पोथी सापडली, तेव्हां रोमवरील स्वारीचें प्रकरण छापील पाठांत निम्म्यावर आलें आहे, असें दिसून आलें. विनाव्हर यांनीं १९४७ च्या आवृत्तींत पोथीचा आधार घेतला, हें योग्यच. परंतु तीवरून आठ स्वतंत्र ग्रंथ कल्पिणें आम्हांस मान्य नाहीं. ज्या गॅरेथला लान्सेलॉटनें स्वहस्तें वीरदीक्षा दिली, तोच पुढें त्याच्याच हातून, न ओळखतां, मारला जातो. पूर्वकथेच्या स्मरणावांचून या प्रसंगांतील करुणरस प्रतीतीस येत नाहीं. पोथींतील समाप्तिलेख हे ग्रंथकाराचे विसावे होत. ग्रंथाच्या सीमा नव्हेत.