सागरी अपघातांचे अन्वेषण : दोषनिश्चिती की बोध?

प्रास्ताविक : समुद्रावरील अपघाताची खबर कोणी द्यावी व चौकशी कोणी करावी, यासंबंधीचे नियम वरवर पाहता केवळ कार्यपद्धतीचे वाटतात. वस्तुतः साक्षीदार सत्य सांगण्यास कितपत धजावेल, हे या नियमांमागील हेतूवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने भारतीय व आंतरराष्ट्रीय नियमांची चिकित्सा केली आहे.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झीब्रुग बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही ब्रिटिश फेरीबोट उलटून १९३ जण मृत्युमुखी पडले. नाळेकडील दरवाजे उघडे राहिले होते. ते लावणारा खलाशी झोपी गेला होता. तथापि न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीतून दिसले, की १९८३ मध्ये त्याच कंपनीची दुसरी बोट दरवाजे उघडे असताना निघाली होती, आणि दरवाज्यांची स्थिती दर्शविणारे दिवे बसवावेत ही कप्तानांची सूचना व्यवस्थापनाने मनावर घेतली नव्हती. पहिल्या प्रसंगी हानी झाली नाही, म्हणून बोधही घेतला गेला नाही.

भारताच्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग अधिनियमाची मर्यादा येथेच स्पष्ट होते. जहाज बुडणे, रुतणे, त्याचे मोठे नुकसान होणे किंवा जीवितहानी होणे, अशा घडून गेलेल्या आपत्तींभोवतीच त्यातील ‘अपघाता’ची व्याख्या फिरते, थोडक्यात टळलेले संकट तिच्या कक्षेत येत नाही. शिवाय औपचारिक चौकशी करणाऱ्या न्यायालयास कप्तान व अभियंत्यांची प्रमाणपत्रे रद्द वा निलंबित करण्याचा अधिकार होता. साहजिकच जो प्रमुख साक्षीदार, तोच संभाव्य दोषी ठरे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००८ मध्ये स्वीकारलेली व १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेली अपघात-अन्वेषण संहिता वेगळी भूमिका घेते. अन्वेषणाचा उद्देश दोष ठरविणे नसून पुनरावृत्ती टाळणे हा आहे. ते फौजदारी चौकशीपासून स्वतंत्र असावे आणि खलाशाला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यापासून संरक्षण मिळावे, असे ती सांगते. मात्र अन्वेषणाची सक्ती अतिगंभीर अपघातांपुरतीच आहे. ती जबाबदारीही मुख्यतः ध्वजराष्ट्रावर असल्याने, नोंदणीशुल्कासाठी परकी जहाजांना आपला ध्वज देणाऱ्या राष्ट्राकडून कठोर आत्मपरीक्षणाची अपेक्षा ठेवणे कठीण जाते.

दोषारोप टाळणे म्हणजे दोषींना अभय देणे, असा आक्षेप घेतला जातो. मृतांच्या नातलगांच्या दृष्टीने तो रास्तच आहे. परंतु शिक्षेचा मार्ग खुला ठेवूनही बोधाचा मार्ग वेगळा राखता येतो. दोन्ही एकाच यंत्रणेकडे सोपविल्यास दोन्ही अपुरे राहतात.

समारोप : २०२५ मध्ये भारतीय संसदेने १९५८ च्या अधिनियमाची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्याची खरी कसोटी तीन बाबींवर लागेल : जहाजांची तपासणी करणाऱ्या यंत्रणेहून अन्वेषकांची स्वतंत्रता, जबानीची गोपनीयता आणि टळलेल्या अपघातांची निर्भय नोंद. यांपैकी तिसरी बाब सर्वांत दुर्लक्षित आहे; आणि १९८३ चा तो प्रसंग पाहता, तीच सर्वांत मोलाची ठरते.