पालथ्या फुलदाणीवर पाणी

फुलदाणी ही वस्तू मराठी घरात कधी नीट रुळलीच नाही. लोक म्हणतात आपण अरसिक. मला ते पटत नाही. खरी अडचण रसिकतेची नसून देठाची आहे. आपल्याकडे फूल खुडलं जातं ते देवासाठी (बहुधा शेजाऱ्याच्या कुंपणावरून, आणि शेजारी उठायच्या आत), आणि देवाला ते वाहायचं तर देठ नखाने काढून. उरलेली फुलं गजऱ्यात, वेणीत, हारात. तिथेही देठाला काही काम नाही. फुलदाणीला मात्र आधी देठ हवा, फुलाचं मागाहून बघू. म्हणून आपल्याकडे गुलाबदाणी सुखाने नांदली, अत्तरदाणी नांदली, पिकदाणीसुद्धा मानाने नांदली. फुलदाणी तेवढी लग्नात आहेर म्हणून आली आणि प्लॅस्टिकचे चार गुलाब खोचून घेऊन टीव्हीशेजारी बसली. बरीचशी तर तीही बसली नाही. खोक्यातून न निघता पुढच्या लग्नाला गेली.

अशा समाजात आमच्या साडूंनी एकसष्ट फुलदाण्या जमवल्या आहेत, आणि त्याही जर्मन.

साडू धायरीत राहतात. धायरी फाट्यावरून आत वळलं की रस्ता, रिक्षा आणि माणूस या तिघांची जी घुसळण होते तीतून सुखरूप बाहेर पडणाऱ्याला त्यांचं घर सापडतं. हे गाव २०१७ साली पूर्णपणे पुणे महापालिकेत आलं. त्याआधीपासून इथल्या शेतांत इमारती उगवत होत्याच. तशाच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर, धारेश्वराच्या डोंगराकडे तोंड करून, या एकसष्ट परदेशी बाया उभ्या आहेत. नोकरीच्या निमित्ताने साडूंच्या जर्मनीला फेऱ्या होत. बाकीचे लोक तिकडून चॉकलेटं आणि चाकू-सुऱ्या आणतात. हे रविवारी तिथल्या जुन्या बाजारात जाऊन फुलदाण्या आणत, आणि स्वतःचे कपडे त्यांच्याभोवती गुंडाळत. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगतात की एका खेपेला बॅगेतून अकरा फुलदाण्या निघाल्या आणि इस्त्रीचा शर्ट एकही नाही.

आता समीक्षा. साडूंनी मला दोन वर्षं विचारून भंडावलंय, "अहो, तुम्ही नाटकावर लिहिता, पुस्तकांवर लिहिता, माझ्या फुलदाण्यांवर का नाही लिहीत?" घ्या.

पहिला मुद्दा पाहण्याच्या पद्धतीचा. फुलदाणी हातात आली की साडू ती प्रथम पालथी करतात. संग्राहकांची ही जागतिक रीत आहे म्हणे. बुडाशी काय छापलंय ते वाचायचं. 'डब्ल्यू. जर्मनी' असं असलं की माल १९४९ ते १९९० मधला, कारण पश्चिम जर्मनी या नावाचा देश तेवढीच वर्षं होता. पुढे दोन आकडे असतात. समजा २४२-२२ लिहिलंय. तर पहिला आकडा साच्याचा, दुसरा उंचीचा, सेंटिमीटरमध्ये. एवढ्यावरून साडू "शॉयरिश!" असं ओरडतात. तो कारखाना माइन नदीकाठच्या क्लाइनहॉयबाखचा. ही विद्या मी कमी लेखत नाही. पण हे झाल्यावर फुलदाणी सुलटी करून फळीवर ठेवली जाते आणि विषय संपतो. तिची मान कशी आहे, पोट कसं आहे, उजेड कुठे पडतो, यावर एक शब्द नाही. पुण्यात नव्या माणसाशी ओळख झाली की आपण आडनाव विचारतो, मग "मूळचे कुठले?" विचारतो, आणि मग त्याच्याकडे पाहायचं राहूनच जातं, त्यातलाच प्रकार.

मी मात्र त्या सुलट्या पाहिल्या. निम्म्याहून अधिक 'फॅट लाव्हा' जातीच्या आहेत. हे नाव कारखान्यांनी दिलेलं नव्हे. ते पुढे संग्राहकांत पडलं आणि मार्क हिल यांच्या २००६ सालच्या पुस्तकाने सगळीकडे झालं. साठ आणि सत्तरच्या दशकांत तिकडच्या कारखान्यांनी झिलईत सिलिकॉन कार्बाइड मिसळायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या धार लावायच्या दगडात असतं तेच. भट्टीत त्याचा वायू होतो, झिलईला बुडबुडे येतात, ते फुटतात, आणि भांडं बाहेर येतं ते ज्वालामुखीला भेट देऊन आल्यासारखं. त्यावर नारिंगी रंग. नारिंगी म्हणजे साधा नारिंगी नव्हे. वाहतूक थांबवणारा नारिंगी. एक फुलदाणी अशी मजेदार दिसते. दोन सोसतात. पण तीस एका भिंतीला लावल्या की कुणाला तरी गोवर आल्याची बातमी डॉक्टरांना कळवावीशी वाटते.

या बाबतीत सर्वांत नेमकी समीक्षा त्यांच्याकडे फडकं मारायला येणाऱ्या बाईंनी केली आहे. त्या म्हणाल्या, "ह्यांना अंगच नाही वो, नुसती खपलीय. फडकं अडकतं." पैसेही त्यांनी वेगळे लावले. मला वाटतं कुठल्याही भांड्याचं पहिलं परीक्षण ते पुसणाऱ्या हाताने करावं. आकार चांगला असला की हात त्याच्यावरून आपोआप फिरतो. इथे हात अडतो, कारण बहुतेक ठिकाणी आकाराचं काम झिलईवर ढकललेलं आहे. फोडणी जळाली की वर कोथिंबीर जास्त घालतात, तसं.

सगळ्याच तशा नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. रूशा कारखान्याची ३१३ क्रमांकाची सुरई कुर्ट चेर्नर यांनी १९५४ साली रेखली. तिचा कान अंगातूनच निघून पुन्हा अंगात शिरतो, मधे कुठे 'इथे कान लावला' असं म्हणत नाही. ती तासभर पाहावी. साडूंनी ती मागच्या रांगेत ठेवली आहे, कारण पुष्कळ निघाल्या, म्हणून किंमत नाही.

दुसरा मुद्दा नावाचा. साडू या सगळ्यांना सरसकट 'स्टुडिओ पॉटरी' म्हणतात. वस्तुस्थिती अशी की यांतल्या पंचावन्न तरी कारखान्यातल्या आहेत. पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतायची, कडा धरली की उरलेली ओतून टाकायची, जोड घासायचा, चालला माल दुकानात. स्टुडिओचं भांडं म्हणजे एका माणसाने आपल्या भट्टीवर, आपल्या हाताने घडवलेलं. कांडर्न गावी रिचर्ड बांपी करत असत तसं. मी हे म्हणालो तर साडू आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. कारखान्याचा माल असणं हा काही गुन्हा नाही. आपला कोल्हापुरी साज एकाच नमुन्याचा हजार गळ्यांत असतो, म्हणून तो कमी सुंदर होत नाही. पण मग तसं म्हणावं. साच्यातल्या पोराला हातची म्हणून मिरवू नये.

राहता राहिल्या सहा. त्यांतला एक साधा, निळ्या रेघांचा पांढरा कप आहे. फुलदाणी नव्हेच; साडूंना तो कशावर तरी फुकट मिळाला. बुडाशी 'एचबी'. म्हणजे हेडविग बोलहागेन, बर्लिनजवळचं मारविट्झ गाव, पूर्व जर्मनी. साडूंनी वाचून दाखवलं आणि ठेवून दिला. पण त्या बुडावर जे छापलेलं नाही ते मला सांगितलंच पाहिजे.

त्या मारविट्झच्या कारखान्याचं आधीचं नाव 'हाएल'. तो १९२३ साली काढला मार्गारेटे हायमान या बाईने, नवरा आणि दिराच्या साथीने. हायमानचा हा आणि नवऱ्याच्या लोबेनस्टाइन नावातला एल, मिळून हाएल. बाई बाउहाउसमध्ये शिकलेली. दोन गोल चकत्यांचे कान लावलेली तिची चहाची किटली पाहिली तर शंभर वर्षांपूर्वीची वाटत नाही. १९२८ साली नवरा आणि दीर एकाच मोटार अपघातात गेले. पदरात दोन लहान मुलं. तिने कारखाना एकटीने चालवला. पण ती ज्यू. हिटलर आल्यावर १९३३ साली कारखाना बंद पडला आणि पुढच्या वर्षी तो कवडीमोलाने विकावा लागला. तिथे बोलहागेन आली. चांगली कारागीर, यात शंका नाही. हाएलचे काही आकार तिथे पुढेही बनत राहिले. आणि १९३५ साली गोबेल्सच्या 'डेर आंग्रिफ' या वर्तमानपत्राने दोघींची भांडी शेजारी शेजारी छापून समीक्षा केली: ज्यू बाईचं ते कुरूप, दुसरीचं ते सुंदर. ही समीक्षा करायला भांडं सुलटं करून पाहण्याची गरजच नव्हती. मार्गारेटे पुढच्या वर्षी इंग्लंडला गेली. १९९० साली लंडनमध्ये वारली.

साडू हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कप उचलून पुन्हा पालथा केला, आणि एकदम सुलटा करून खिडकीशी नेला. रेघा जरा थरथरत्या होत्या, ब्रशाने हाताने ओढलेल्या. "अहो, हे छान आहे की," ते म्हणाले. तो कप त्यांच्याकडे सहा वर्षं होता.

तिसरा मुद्दा घरचा. एवढं लांब जायचंच होतं तर वाटेत मुंबई लागते. १८७०च्या दशकात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी या गोऱ्या साहेबाने कुंभारकामाची शाखा काढली. सिंधकडच्या झिलईची रीत घेतली. त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला चित्रांच्या नकला करत होते, तिथले हत्ती, हंस आणि कमळं या भांड्यांवर उतरली. टेरीच्या मालाला 'वंडरलँड आर्ट पॉटरी' हेही नाव होतं. ही भांडी परदेशच्या प्रदर्शनांत गेली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही आहेत, आणि तिकडचे लोक ती हौसेने जमवतात. आम्ही इकडे बसून जर्मनीतून आणतो! चाकावर बसलेल्या मुंबईकर हातांची नावं बहुतेक भांड्यांच्या बुडाशी नाहीत. शाळेचं नाव असतं.

आणि पुण्यात तर बुडाशी काहीच नसलेल्या वस्तूंचा केवढा संग्रह! दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, १९२०च्या सुमारास जमवायला लागले ते अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, फण्या, कुलपं. कोणाच्या तरी आजीने वापरलेल्या. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. बाजीराव रोडवरून आत वळलं की आजही पाहता येतो. वीसेक हजार वस्तू, पैकी एका वेळी मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. तिथल्या एखाद्या अडकित्त्याला शंभर सुपाऱ्यांनी पॉलिश केलेली मूठ आहे. कुणी घडवला, कुठल्या साली, कितवा साचा, काही नाही. तरी माणूस पुढे सरकत नाही. साडूंना मी तिथे घेऊन गेलो. पहिली पंधरा मिनिटं ते काचेच्या कपाटाखाली वाकून वस्तूंचं बूड पाहायचा प्रयत्न करत होते. पहारेकऱ्याने हटकलं. नंतर एका दिव्यासमोर ते अर्धा तास उभे होते. मी न बोलता बाकावर बसून राहिलो.

तेव्हापासून त्यांना टेरीच्या मुंबईच्या भांड्याचा ध्यास लागला आहे. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे सकाळी सातला हजर. धायरीहून सात म्हणजे घरून पावणेसहाला. अजून मिळालेलं नाही. मिळाली ती चैत्रात एक चिनीमातीची बरणी, पिवळट, वर तपकिरी गळा, खांद्याचा उतार असा की त्या तीस लाव्हांनी शरमेने विझावं. बाजारात बुडाला चिखल होता. घरी नेऊन धुऊन वाचू, म्हणून त्यांनी ती न पाहताच घेतली आणि आंघोळीला गेले.

ताईंनी तोवर धुतली, उन्हात वाळवली, हिंगाची धुरी दिली, आणि पाच किलो कैऱ्यांचं लोणचं भरून दादरा बांधून टाकला. बुडाशी काय आहे ते आता पुढच्या चैत्रापर्यंत कळायचं नाही.